पिंप ओलं ठेवावं लागतं

ती केस आठवली की आधी वास येतो. ओकच्या जुन्या लाकडाचा, व्हॅनिलासारखा गोड, आणि त्यामागून व्हिस्कीचा. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात मी तेव्हा डिटेक्टिव्ह होतो. खात्यात मराठी कळणारा मी एकटाच.

खबर शेजाऱ्यानं दिली होती. समोरच्या गॅरेजमध्ये पिंप आहे, व्हिस्कीचा वास येतो. घरी बिअर करायला कायद्याची हरकत नाही, दारू गाळायला मात्र बंदी आहे. बर्फ साचलेल्या एका दुपारी आम्ही तिघे तिथं गेलो.

दार उघडलं ते नागपूरहून व्हिसावर आलेल्या एका आयटीवाल्यानं. वॉरंट नव्हतं. झडतीच्या संमतीचा फॉर्म पुढे करत मी म्हणालो, "घाबरू नका, आपलाच माणूस समजा."

"अरे वा, सर, तुम्ही मराठी! मग काय टेन्शन यार." त्यानं न वाचता सही केली.

"व्हिस्की कुठे गाळता?"

"व्हिस्की नाही, बिअर आहे. पिंप तेवढं व्हिस्कीचं, सेकंडहँड. लाकडात मुरलेली असते ना, ती बिअरमध्ये उतरते. लोणच्यासारखं आहे, सर. घाई केली की बिघडलं."

"पण एवढी?"

"पिंप अर्धं ठेवून चालत नाही, हवेनं आंबतं. म्हणून आम्ही पाच मित्रांनी आपापल्या किचनमध्ये केली आणि एकाच दिवशी ओतली."

भट्टी नव्हती, नळी नव्हती. मला तिथंच सगळं कळलं होतं. पण सोबतचे दोघे माझ्याकडे बघत होते. आपल्या माणसाला सोडलं, असं कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी पिंप जप्त करायचं ठरवलं. भरलेलं ते जागचं हलेना. नमुन्याच्या दोन बाटल्या सील केल्या आणि बाकीचं ओतून द्यायला सांगितलं.

तो माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "सर, आमच्यातला एक जण ऑक्टोबरमध्ये गेला. त्याची शेवटची बॅच यात आहे. गुढीपाडव्याला उघडून पहिला ग्लास वहिनींना द्यायचा होता. प्लीज."

"काय म्हणतोय तो?" सहकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

बिअर ड्राइव्हवेवरून सावकाश उतरत गेली. बर्फावर तपकिरी वाट उमटली, फेस विझत गेला, सगळी गल्ली गोड वासानं भरली. स्वप्नात ती वाट मला अजून दिसते. तिथं ती संपतच नाही.

लॅबचा अहवाल आला: बिअर. केस बंद झाली. एक बाटली तपासणीत संपली होती. दुसरी घेऊन मी पाडव्याच्या सकाळी त्याच्याकडे गेलो. तो धरून उरलेले चौघे मित्र होते, वहिनी होत्या. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"यात ह्यांची किती असेल हो?"

"पाचवा हिस्सा, वहिनी."

त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली. "सील तुमचं आहे. तुम्हीच तोडा."

मी तोडलं. टेबलावर पाच ग्लास होते. सहावा कोणी काढला नाही.

जप्त केलेलं रिकामं पिंप परत न्यायला त्यानं नकार दिला. समोरचा बोलेल ते शब्दशः नोंदवायचं, हे मी इतकी वर्षं नव्या पोरांना शिकवत आलो. त्या दुपारचं एकच वाक्य नोंदवण्यासारखं होतं, आणि ते ऐकणारा मी एकटाच होतो.

आता मी निवृत्त आहे. पिंप माझ्या गॅरेजमध्ये असतं. कोरडं पडलं की लाकूड आकसतं, फळ्या सुटतात, म्हणून मी त्यात पाणी भरून ठेवतो आणि ते बदलत राहतो. ते मागायला अजून कोणी आलेलं नाही.