तांडेलांचा गुडघा

ताणलेल्या दोरावर दोन बोटं आपटायची, कान जवळ न्यायचा आणि म्हणायचं, "बोल गं बाय." दोर पुरेसा ताणलेला असला की आतून भरीव आवाज येई. नाही आला की तांडेल मान हलवत, "झोपलीय," म्हणत आणि ताण वाढवायचा स्क्रू अर्धा आटा फिरवत. मग पुन्हा तीच दोन बोटं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात लोखंडी टाक्या आणि चिमण्या बनत. गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन त्या उभ्या करणाऱ्या खलाशांचे तांडेल प्रमुख होते. कारखान्यात जड माल उचलून बसवणाऱ्याला खलाशी म्हणतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. आमचे तांडेल मात्र समुद्रावरचे खरे खलाशी, नवापूरचे. एकेकाळी स्वतःची बोट चालवलेली, म्हणून तांडेल. त्यांचं खरं नाव हजेरीच्या पुस्तकाबाहेर कुणी वापरत नसे. मीही इथे वापरत नाही.

चिमणी उभी राहिली की तिला वाऱ्यात धरून ठेवणारे चार ताणदोर वर जाऊन अडकवायचे असत. ते काम तांडेल दुसऱ्या कुणाला देत नसत. पन्नाशीच्या जवळ आलेला हा माणूस लोखंडी शिडीवरून वर जाई, तेव्हा विंच चालवणारा मिश्राजीही विडी विझवून वर बघत राही. खाली आले की तांडेल म्हणत, "वरून नवापूरचा किनारा दिसतो. आमच्या बोटी मोजून आलो."

मी ड्रॉइंग ऑफिसात होतो. मनोरच्या पलीकडच्या आमच्या गावात, आमच्या घरात, मी पहिला पदवीधर. छापलेल्या आकड्यावर माझा फार विश्वास. नोकरी सांभाळून मुंबईच्या एका कॉलेजात मी पुढचं शिक्षण घेत होतो आणि प्रबंधासाठी सरांनी विषय दिला होता माणसाच्या गुडघ्याचा. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना एकत्र धरून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध, ज्यांना डॉक्टर लिगामेंट म्हणतात, ते कॉम्प्युटरवर गणिताने मांडायचे आणि सांधा कधी स्थिर राहतो, कधी निसटतो, ते पाहायचं. ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांचा. मॅनेजर साहेबांनी संध्याकाळी पाच ते सात तो मला वापरू दिला. हे उपकार मी विसरलेलो नाही.

एका संध्याकाळी तांडेल चिमणीचं ड्रॉइंग न्यायला आले. दारावरची पाटी वाचून त्यांनी बूट बाहेर काढले आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले. पडद्यावर दोन वेडीवाकडी हाडं आणि त्यांच्यामधल्या रेघा होत्या. जरा भार दिला की वरचं हाड खालच्यावरून घसरत होतं.

"सायब, ही चिमणी उबी करताय का पाडताय?"

मी त्यांना गुडघा समजावला. ते खुर्ची ओढून बसले आणि उजव्या पायाची पँट वर केली. दहा वर्षांपूर्वी बोटीतून उतरताना पाऊल चिखलात रुतून बसलं आणि अंग दुसरीकडे फिरलं. आत काहीतरी तुटल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला होता. महिनाभर सूज होती. मग पाय बरा दिसू लागला. पण डुलत्या बोटीवर तो भरवशाचा राहिला नाही, म्हणून त्यांनी समुद्र सोडला आणि कारखान्यात आले. अलीकडे जिना उतरतानाही गुडघा एकाएकी सुटत होता. पालघरच्या डॉक्टरांनी पाय दुमडून नडगी पुढे ओढून पाहिली, आतला एक अस्थिबंध तुटलाय म्हणाले आणि वर चढायचं काम बंद करा म्हणून सांगितलं. कारखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"डाक्टर काय, हातानं बगून बोलला," ते म्हणाले. "तुमचा कॉम्प्युटर हिशोब करून बोलेल. त्याला इचारा. मी चढू का नको, तेवढं सांगा."

पुढे महिनाभर ते आठवड्यातून दोनदा तरी येत. मी पट्टी आणि कोनमापक घेऊन त्यांचा गुडघा मोजायचो. ते टेबलावर पाय सोडून बसत आणि मॅनेजर साहेब आले तर काय सांगायचं याचा विचार करून हसत. पण माझा गुडघा काही उभा राहीना. साध्या धक्क्यालाही हाडं घसरत. चार वेळा मी समीकरणं तपासली. सरांनी सांगितलं, अस्थिबंधांचे दोर आणखी ताठर धर. धरले. तरी तेच.

शेवटी तांडेलांनीच विचारलं, "दोऱ्या बांदल्या तवा ताण किती दिला?"

मी म्हटलं, काहीच नाही. पाय सरळ असताना प्रत्येक दोराची जेवढी लांबी भरते, तेवढीच त्याची मूळ लांबी धरली आहे. हाड हललं की दोर ताणला जाईल.

पाड्यावरच्या म्हाताऱ्याने शहरातल्या पाहुण्याकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघून हसले. "वारा आल्यावर दोरी ताणणार? तोवर चिमणी पडली ना. वारा नसताना ताण द्यायचा, सायब. आन् सगळ्यांना सारखा नाय. एक झोपली तर दुसरी जागी पायजे."

माझ्या पुस्तकात हे होतं. शरीरातला अस्थिबंध पाय नुसता सरळ असतानाही थोडा ताणलेला असतो, आणि गुडघा दुमडत जाईल तसे त्यातले काही धागे सैल पडतात, काही ताणले जातात. मी ते पान वाचलं होतं, खाली रेघही मारली होती. पण दोर कधी बांधला नव्हता. त्या संध्याकाळी मी प्रत्येक दोराला सुरुवातीचा ताण दिला आणि दोन दिवसांत माझा गुडघा उभा राहिला. ढकलला की किंचित हले आणि जागेवर येई. तांडेलांनी पडद्याच्या काचेवर दोन बोटं हळूच आपटली.

"आता माजी दोरी काप," ते म्हणाले. साहेबाचा मी एकदम 'अरे-तुरे' झालो होतो.

मी पुढचा तिरका अस्थिबंध काढून टाकला. डॉक्टरांनी तुटला म्हणून सांगितलेला तोच. मांडीच्या स्नायूची ओढ दिली आणि एकेक कोन घेत हिशोब करायला लावला. प्रिंटर कर्कश आवाज करत कागद सोडू लागला. गुडघा बराच दुमडलेला असताना फार फरक दिसत नव्हता. पाय सरळ होत आला आणि त्यावर भार पडला की नडगीचं हाड पुढे निसटत होतं. मी आकडे वाचून दाखवले.

तांडेलांनी पाय शिडी चढताना ठेवतात तसा एकदा दुमडला, उतरताना खाली टेकतात तसा एकदा सरळ केला. "मंजे चढू देतो," ते म्हणाले, "उतरू देत नाय."

मी घाईघाईने सांगू लागलो, की हा तुमचा गुडघा नाही, पुस्तकातल्या मापांचा आहे, हा हिशोब खूप ढोबळ आहे. ते सगळं खरंच होतं. पण आठवडाभरापूर्वी, गणित चुकत होतं तेव्हा, हेच मी किती सहज म्हणू शकलो असतो. माझी चूक त्यांनी दुरुस्त केली नसती, तर त्यांना नको असलेलं उत्तर आलंच नसतं. हा विचार त्यांच्याही मनात आला असावा. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

सोमवारी ते लंगडत आले. पाऊल सुजून जांभळं पडलं होतं. रविवारी त्यांनी जाळ्याचा नायलॉनचा दोर मांडीला आणि पोटरीला तिरका बांधून, काठी घालून पिळला होता. आधीच ताण दिलेला, अगदी चिमणीसारखा. घरच्या कारभारणीने कोयत्याने तो कापला आणि वर चार शब्द सुनावले. "कातडीवरून ओढून हाडाला काय कळत नाय," ते म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तो कागद मीच दिला होता.

पुढच्याच महिन्यात कुंभवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात चिमणी उभी करायची होती. ड्रॉइंग माझं, म्हणून मीही गेलो. क्रेनने चिमणी सरळ केली. चार दोर वर अडकवायचे राहिले होते. फोरमन आणि सगळे खलाशी तांडेलांकडे बघत होते. त्यांनी कमरेचा पट्टा बांधला, शिडीवर पाय ठेवला, तीन पायऱ्या चढले आणि थांबले.

मी फोरमनच्या शेजारीच उभा होतो. 'चढवू नका' एवढे दोन शब्द बोलायचे होते. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत.

तांडेल तीन पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर उजवा गुडघा किंचित निसटला. आम्हा दोघांनाच ते समजलं. त्यांनी पट्टा सोडला.

"क्या हुआ तांडेल, ऊपर कौन जाएगा?" मिश्राजी विंचवरून ओरडला.

"माजा गुडगा तुटलेला हाय. दहा वरसं झाली," तांडेल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, आणि पट्टा आपल्या जोडीदार खलाशाच्या हातात दिला. "तू जा. मी खालून सांगतो."

मुरबे गावचा तो जोडीदार वर गेला. तांडेल खालून हात वर करून एकेक दोर सांगत राहिले, आणि दुपारपर्यंत चिमणी उभी राहिली.

न चढणाऱ्या खलाशाला आमच्या कारखान्यात जागा नव्हती. त्यांना गोदामात बसवायचं ठरलं. पण ते आठ दिवससुद्धा बसले नाहीत. माझी तोंडी परीक्षा झाली तेव्हा परीक्षकांनी विचारलं, सुरुवातीचा ताण घ्यायचं कसं सुचलं. मी तांडेलांचं नाव सांगितलं. ते नाव कुठल्या संशोधकाचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ते कोण होते, तेही सांगितलं. निकाल सांगायला पेढे घेऊन नवापूरला गेलो, तर घराला कुलूप होतं. मुलीकडे डहाणूला गेलेत, असं शेजारणीने सांगितलं. पुढे माझी बदली झाली. ते वारल्याचं मला वर्षभर उशिरा कळलं.

मला आठवतात ते त्या चिमणीच्या दिवशीचे. काम संपल्यावर सगळे ट्रकमध्ये चढले. तांडेलांना हात द्यायला दोघे पुढे झाले. त्यांनी नको म्हणून सांगितलं, डबा उचलला आणि नवापूरच्या रस्त्याने चालू लागले. रस्ता सपाट होता. मी बराच वेळ मागून बघत राहिलो. न लंगडता, एका चालीने, ते लांब लांब जात होते, आणि वाटेत भेटणाऱ्या कुणालाही त्यांच्या चालण्यात काहीच दिसलं नसतं.