बोटीला रंग, मला पुरळ

चहा गार करू नका, घ्या. मी जे सांगणार आहे त्यात हातातला कप थांबवून ऐकावं असं शहाणपण काही नाही. आहे तो निव्वळ गाढवपणा. आणि तो एका डॉक्टरेट झालेल्या माणसाचा असल्यामुळे नेहमीपेक्षा जरा मोठा आहे, इतकंच.

तर माझ्याकडे एक मोटरबोट होती.

हसलात ना? सगळेच हसतात. मी पाण्याचा प्रवाह आणि लाटा हा विषय शिकवण्यात उभा जन्म घालवला, पण लाटा सगळ्या प्रयोगशाळेतल्या टाकीतल्या. निवृत्त झालो तेव्हा प्रयोगशाळेनं एक जुनी फायबरची बोट मोडीत काढली, ती मी घेतली. का घेतली? माझी बायको सुमती म्हणाली म्हणून. "जन्मभर टाकीत लाटा केल्यात, आता जरा खऱ्या पाण्यात बसा," असं ती म्हणाली. चेन्नईच्या दक्षिणेला, मुट्टुकाडूच्या खाडीकाठी आम्ही लहानसं घर बांधलं होतं. आमच्या गल्लीतल्या घरांना पुढून रस्ता आणि मागून पाणी. प्रत्येकाच्या मागच्या दाराला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या.

मग सुमती गेली. बोट ताडपत्रीखाली गेली. आणि मी... मी पण तसाच कुठल्यातरी ताडपत्रीखाली गेलो म्हणा ना.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. तिकडे सिरुसेरीत कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, मुलगा अमेरिकेतून रविवारी फोन करत होता, आणि इतर दिवशी माझ्याशी घरात बोलणारा एकच जीव होता, तो म्हणजे फ्रिज. तो रात्रंदिवस गुरगुरायचा. मी कधी कधी "हो, हो" म्हणायचो.

पाडवा जवळ आला आणि माझ्या डोक्यात आलं, या वर्षी घरी माणसं बोलवायची. पण माझ्यासारख्या म्हाताऱ्याकडे कोण कशाला येईल? काहीतरी आमिष हवं. बोट! पाडव्याला बोट पाण्यात सोडायची, गल्लीतल्या लोकांना फिरवून आणायचं, वर श्रीखंड. मी दारोदार जाऊन आमंत्रण दिलं. माझे शेजारी माधवराव तंजावरकडचे, मराठी घरातले. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ चालीवर डुलणारी. ते म्हणाले, "येतों की सर! कमलाला पण आणतों. बोट बुडणार नाही ना?"

"छे छे!" मी म्हटलं, आणि त्या क्षणापासून मला शंका येऊ लागली की बुडेल.

पलीकडच्या राजम टीचर म्हणाल्या, येते. माझ्याकडे काम करणारी सेल्वी म्हणाली, मी तर पहिली बसणार. झालं! मी कामाला लागलो.

मेकॅनिक का नाही बोलावला? अहो, मेकॅनिक दोन तासांत काम करून गेला असता. मग उरलेला दिवस मी काय केलं असतं?

इंजिन खोललं. जुन्या पेट्रोलचा आत गुळाच्या काकवीसारखा थर बसला होता. तो खरवडला, प्लग घासला, तेल बदललं. दोरी ओढली की इंजिन नुसतं खोकायचं. मीही खोकायचो. शेवटी एका दुपारी ते असं धडाडून चालू झालं की मी दचकून बादलीत बसलो.

पण तळाला एक चीर होती. ती बुजवायची तर आधी आजूबाजूचं फायबर घासून काढायचं, मग त्यावर काचेच्या धाग्यांची जाळी आणि रेझिन. रेझिन लवकर सुकावं म्हणून त्यात जे औषध घालतात ते मी "थोडं आणखी असू दे" म्हणून घातलं. मगातून धूर निघाला आणि ब्रश त्यात उभाच्या उभा गोठला. आजही आहे माझ्याकडे. पेपरवेट म्हणून वापरतो.

घासायला बसलो तो कसा? चेन्नईचं ऊन, म्हणून लुंगी आणि बनियन. फायबरची पांढरी भुकटी अंगभर. वाटलं, पावडरच आहे, धुतली की जाईल. अहो, ती काच असते! संध्याकाळी खाज सुटली ती अशी, की मी दाराच्या चौकटीला पाठ लावून अस्वलासारखा घासत होतो. सकाळी आरशात पाहिलं तर हात, मान, तोंड, सगळीकडे लाल लाल पुरळ.

आता घाबरणं हा माझा मूळ स्वभाव. वैद्यकाचं जाडं पुस्तक काढलं आणि मला सात-आठ रोग झाल्याची खात्री करून घेतली. मग आई करायची तो उपाय आठवला. दारातल्या कडुलिंबाच्या डहाळ्या तोडल्या, पानं उकळली, त्या पाण्यानं अंघोळ केली. वर हळदीचा लेप. जरा थंड वाटलं. डहाळ्या पुष्कळ उरल्या. दुसऱ्या दिवशी पाडवा, तेव्हा तोरण करू म्हटलं. तोरणाला आंब्याची पानं हवीत, पण आंब्याच्या फांदीपर्यंत हात पोचेना, आणि शिडीवर चढायची हिंमत होईना. मग नुसत्या कडुलिंबाचंच भरघोस तोरण करून मी फाटकाला बांधलं. लांबून पाहिलं. छान दिसत होतं. सुमती असती तर तिनं कौतुक केलं असतं. नाही, खरं तर तिनं लगेच सोडून टाकलं असतं. पण ते पुढे कळलं.

संध्याकाळी सेल्वी आली आणि फाटकाशीच थांबली. तिनं चपला काढल्या, गालांवर बोटं टेकवली, हात जोडले.

"ये ना आत!" मी व्हरांड्यातून ओरडलो.

तिनं माझं पिवळंधमक तोंड पाहिलं आणि दोन पावलं मागेच गेली. "नको सर. तुम्ही आत जा. झोपा. मी नंतर येईन."

"नंतर म्हणजे कधी?"

"बरं झाल्यावर सर!"

काय बरं झाल्यावर? पण ती गेलीसुद्धा. थोड्या वेळानं पाहतो तर फाटकाबाहेर शहाळी ठेवलेली. मग ताकाचं भांडं. आणलं कोणी? राजम टीचर लगबगीनं परत जाताना दिसल्या. मी हाक मारली, तर मागं न वळता त्यांनी हात जोडले.

पाडव्याच्या सकाळी मी चक्का फेटून ठेवला, वाट्या मांडल्या. दहा वाजले. अकरा वाजले. कोणी नाही. श्रीखंडावर जाळी, जाळीवर एक माशी. मी तिच्याकडे बघत बसलो. पाहुणा म्हणून तेवढीच आली होती.

शेवटी माधवरावांना फोन केला.

"माधवराव, येताय ना?"

"अय्यो सर! आज कसं येणार? तुम्ही विश्रांति घ्या. उन्हांत जाऊं नका."

"अहो, पण बोट..."

"बोटीचं नांव पण काढूं नका सर! या दिवसांत नको. पुढं बघूं." आणि त्यांनी फोन ठेवला.

आलं माझ्या लक्षात! तुमच्याही आलं असेल. या लोकांना वाटतंय, या म्हाताऱ्याची बोट बुडणार. तोंडावर कसं सांगायचं, म्हणून शहाळी पाठवून नकार कळवलाय. माझा जीव इतकासा झाला. त्यांचं काय चुकलं? माझा तरी माझ्यावर कुठे विश्वास होता? पण श्रीखंडाकडे पाहिलं आणि मी ठरवलं, दाखवूनच देऊ. बोट सगळ्यांच्या मागच्या दारावरून न्यायची. एकदा चालताना पाहिली की येतील.

गुढी घरात उभारणार होतो, ती बोटीवरच बांधली. बांबू, त्यावर सुमतीची रेशमी साडी, कडुलिंबाची जुडी, वर पालथा तांब्या. अंगाला पुन्हा खाज सुटली होती, म्हणून हळदीचा ताजा लेप दिला. दोरी ओढली, इंजिन धडाडलं, आणि निघालो.

काय दृश्य असेल हो! पण तेव्हा मला ते माझ्या बाजूनं दिसत होतं ना. घराघरातून माणसं पायऱ्यांवर आली. बघतात, आणि हात जोडतात! एका घरातून घंटा वाजली. एका आजीबाईंनी हळदीचं पाणी माझ्या दिशेनं शिंपडलं. कोणी कापूर लावला. मला भरून आलं. माझ्या दुरुस्तीला एवढा मान? मीही एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्यानं नमस्कार करत चाललो, डावीकडे, उजवीकडे, मिरवणुकीतल्या उत्सवमूर्तीसारखा.

आणि माधवरावांच्या पायऱ्यांसमोर इंजिन बंद पडलं.

पूर्ण शांतता. बोट आपली हळूहळू वाहतेय. पायऱ्यांवर माधवराव, त्यांच्यामागे कमलाबाई, राजम टीचर, आणि सेल्वीसुद्धा.

"माधवराव! दोरी टाका!"

"सर, तुम्ही पाण्यांत कां आलांत? अंगावर अम्मै असतांना?"

"अंगावर काय?"

"अम्मै, सर! कांजिण्या!"

"कोणाला?"

"तुम्हांलाच! दारावर वेप्पिलै बांधलांत, कडुलिंब! आमच्याकडे ज्या घरांत कांजिण्या त्याच दारावर नुसता कडुलिंब बांधतात. देवी आली म्हणून. मग त्या घरांत कोणी जात नाही."

"अहो, तो पाडव्याचा आहे! आंब्याला हात पोचला नाही माझा!"

"आणि तोंडावर?"

"हळद!"

"हळदीखालीं लाल लाल?"

"फायबर! काच गेलीय अंगात! मी बोट घासत होतो!"

मग कमलाबाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या. राजम टीचर हसताना भिंतीला धरून उभ्या राहिल्या. सेल्वी म्हणाली, "अय्यो सर, काल मी देवळात तुमच्यासाठी नारळ फोडला!" त्या सगळ्या गोंधळात दोरी टाकायची कोणाला सुचेना, आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहत पुढच्या घराकडे निघालो.

शेवटी ओढलं मला. इंजिन का बंद पडलं तेही सापडलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो मी उघडलाच नव्हता. हवा आत जाणार नाही तर पेट्रोल बाहेर कसं येणार? हे मी वर्षानुवर्षं कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलंय. पहिल्याच आठवड्यात.

तर मंडळी, पायऱ्यांवरचे चौघंही आले! श्रीखंड संपलं. माझ्या घरात एकाच वेळी इतके आवाज होते की फ्रिज ऐकू येईना. आणि मग निघाली बोटीची फेरी. आपल्याकडे यजमान मागून बसतो ना? मी आपला "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत राजम टीचरना बसवलं, कमलाबाईंना बसवलं, सेल्वीला बसवलं, सगळ्यांना तरंगती जाकिटं बांधली. माधवराव सुकाणूपाशी बसले. "मूठ पिळायची ना सर? आमच्या स्कूटरसारखंच की!" आणि त्यांनी पिळली.

बोट गेली. तेव्हा मला कळलं की बोटीत चारच जागा होत्या, आणि मी काठावर होतो. एकटं राहायला नको म्हणून महिनाभर खपून जी बोट दुरुस्त केली, ती सगळ्यांना घेऊन निघून गेली होती, आणि मी पुन्हा एकटाच.

पण ती वळून आली! समोरून जाताना सगळे माझ्याकडे बघून हात हलवत होते, जोरजोरात ओरडत होते. मीही हात हलवले. पुन्हा वळून आली. पुन्हा हात, पुन्हा आरडाओरडा. इतक्या माणसांनी एकदम मला हात केल्याला किती काळ लोटला होता! मी पंचा काढून तोही हलवला.

पेट्रोल संपल्यावर बोट आपोआप थांबली तेव्हा समजलं, ते विचारत होते की इंजिन बंद कसं करायचं. बंद करायचं लाल बटण मी हौसेनं बाकीच्या इंजिनासकट पांढरं रंगवून टाकलं होतं, आणि ते कुठे आहे हे सांगायला विसरलो होतो.

माधवराव आजही विचारतात, "सर, एवढं ओरडलों, तुम्हांला कळलंच नाही?" मी म्हणतो, नाही हो, कान गेलेत माझे.

आता तुमच्यापाशी कशाला लपवू? दुसऱ्या फेरीलाच सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं.