खुंटीवरचं पोतं
दमट हवेत खुंटीवरच्या पोत्याला उग्र वास सुटला की धाड गावातल्या आमच्या डुकरांच्या शेडमधली ती सकाळ आठवते. एकाच नराची पिलं वरचेवर खुजी निघत होती, म्हणून त्याला विकून आम्ही कृत्रिम रेतन करायचं ठरवलं. डॉक्टर चांगल्या जातीचं वीर्य घेऊन आले, पण माजावर आलेली मादी एका जागी थांबेचना. "आता हे वाया जाते," डॉक्टर म्हणाले. डुकरं आणल्यापासून नाकाला पदर लावून फिरणाऱ्या माझ्या सासूबाई दारातूनच ओरडल्या, "अवं, तिले नराचा वास पायजे ना!" आणि विकलेल्या नराच्या अंगाखालचं पोतं त्यांनी स्वतः आणून तिच्यापुढं टाकलं. मादी कान टवकारून खांबासारखी उभी राहिली. चार महिन्यांनी जन्मलेलं पहिलं गुटगुटीत पिलू सासूबाईंनी त्याच पदरानं पुसलं. पोतं मात्र त्या मला अजून धुऊ देत नाहीत.