जनरेटरच्या चाकाखालची लिंबं

वाडीकरांनो, आज सकाळी देवळासमोर जे झालं, त्याचा दोष माझ्या माथी मारलाय. म्हणून हा कागद वाचनालयाच्या फळ्यावर मुद्दाम लावतोय.

मंडळाचा जनरेटर नमनाच्या खेळाला न्यायचा म्हणजे बांबूला बांधून चौघांनी खांद्यावर न्यायचा. त्या चौघांत दरवर्षी मी. शेवटी मिरजोळ्याला मी ज्या वर्कशॉपात फिटर आहे, तिथल्या भंगारातली चार चाकं मागून आणली आणि काल बसवली. देवळासमोर उतार, म्हणून चाकांना अडसर म्हणून जांभ्या दगडाचे दोन चिरेही लावून ठेवले.

आज अध्यक्ष भाऊंनी जनरेटरची पूजा काढली. मी हातपाय धुऊन येतो तर चिरे बाजूला आणि चाकांखाली लिंबं!

मी ओरडलो, "भाऊ, गाडी नाय ती, जनरेटर आहे!"

"चाकं आहेत ना? मग गाडीच. तू गप ऱ्हा."

आणि भाऊंनी स्टार्टरची दोरी ओढली. जनरेटर थरथरला, लिंबं फुटली आणि तो उतारावरून सुटून थेट गडग्याच्या दगडी भिंतीवर आपटला. गडग्याला टेकून बसलेल्या बायजाकाकूंनी वेळेवर पाय ओढला, म्हणून वाचल्या.

भाऊ काय म्हणाले माहीत आहे? "चाकं लावायची अवदसा ह्याला आठवली. लिंबं होती म्हणून काकू वाचल्या!" आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात!

लिंबांवर एवढा भरवसा आहे ना? मग पुढच्या वेळी गडग्याजवळ काकूंच्या जागी भाऊंनी बसावं.

बसतील? विचारा त्यांना.