ज्याची त्याची बाटली

कापड रंगवायच्या कारखान्यात सगळे त्याला 'तोफ' म्हणत. मुकादमाशी भांडण, शेजाऱ्याशी भांडण, भाजी अळणी झाली तर पातेल्याशीही भांडण. उभा जन्म रंगाच्या हौदांवर काढला आणि त्या रंगांतल्या रसायनांपायी मूत्राशयात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा तो गाठीवरही डाफरला. गाठ काढली. मग दर काही महिन्यांनी लघवीच्या वाटेने कॅमेऱ्याची नळी आत घालून तपासणी सुरू झाली. त्या नळीचं नुसतं नाव काढलं तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

यंदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, नवी तपासणी आलीय. लघवीतल्या पेशींचा डीएनए बघतात. त्यात काही दिसलं नाही तर कॅमेरा पुढे ढकलू. बाटली घरून भरून आणा."

घरी येऊन त्याने रिकामी बाटली बायकोपुढे आदळली. "तू भर."

"अहो, तपासणी तुमची ना?"

"तुला काय धाड भरलीय? कधी साधं पडसं तरी झालंय का? भर म्हटलं ना!"

तिने भरली. या माणसाशी वाद घालणं तिने केव्हाच सोडलं होतं. मग ती त्याचे रंगाने माखलेले कपडे घासायला बसली. कपडे धुवायचं मशीन घरात होतं, पण त्याला रंग लागेल म्हणून तोच तिला ते वापरू देत नसे. मशीनची काळजी होती हो त्याला.

रिपोर्ट आला तेव्हा दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते.

"काका, यात कर्करोगाच्या खुणा दिसतायत. कॅमेरा करावाच लागेल."

तोफ धडाडली. "बोगस आहे तुमची तपासणी! नुसते लुटायचे धंदे! ती बाटली माझी नव्हतीच, हिची होती! आता बोला!" आणि जिंकल्यासारखा तो खुर्चीत रेलला.

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या. "मावशी, लघवीतून कधी रक्त जातं?"

"जातं की अधूनमधून. बरेच महिने झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?" त्याचा आवाज अजून चढाच होता.

"सांगणार कधी? तुमचं ओरडणं थांबलं की सांगू, म्हणत होते."

रेललेला तो खुर्चीच्या कडेवर आला. स्वतःच्या गाठीच्या वेळीही तो एवढा घाबरला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी दोन नव्या बाटल्या टेबलावर ठेवल्या. "या वेळी ज्याची त्याने भरायची."

तिने आपली बाटली घ्यायला हात पुढे केला. तिच्या नखांच्या कडांना निळा रंग होता, धुऊन न जाणारा, त्याच्या नखांना होता तसाच. इतक्या वर्षांत त्याने तो आज पहिल्यांदा पाहिला.