आठ शाबूत दात

मावशीच्या नाकावर राग असतो हे तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे, तरी ती तिच्याकडेच येतात. तयार कपडा उसवून, आत घेऊन, अंगावर नीट बसता करण्यात तिचा हात धरणारं त्या बाजारात कुणी नाही. जिन्याखालचं तिचं दुकान एवढंसं, की दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की ती चष्म्यावरून त्याला न्याहाळते आणि तोंडावर सांगून मोकळी होते, "डावा खांदा उतरलाय तुमचा. पॅड घालू, कुणाला कळणार नाही." असा लोकांचा उणेपणा झाकत तिने पंचवीस वर्षं घर चालवलं आणि बहिणीमागे तिची मुलगी वाढवली.

त्या भाचीला आता हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी लागली होती. कामावर रुजू व्हायला महिना होता, आणि एक दिवस जेवता जेवता तिने जाहीर केलं की ती समोरच्या आठ दातांना व्हेनियर बसवून घेणार.

"ते काय असतं?"

"चिनी मातीची पातळ कवचं. दातांवर पुढून चिकटवतात."

"आणि मूळचे दात?"

"ते थोडे घासून घेतात."

मावशीचा घास हातातच राहिला. "कीड लागलीय?"

"नाही."

"दुखतात?"

"नाही गं."

"मग धडधाकट दात घासायचे कशाला? डोकं ठिकाणावर आहे ना?"

भाची ताट उचलून उठली. पुढचे दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी मावशीने दुकानाला कुलूप लावलं आणि न बोलावता तिच्याबरोबर दवाखान्यात गेली.

दवाखाना कसला, साड्यांचं शोरूमच ते! भिंतभर हसऱ्या माणसांचे फोटो. चेहरे वेगवेगळे, पण दात सगळ्यांना कापडाच्या एकाच ताग्यातून कापून दिलेले. एका गुळगुळीत तरुणाने भाचीचा फोटो काढला, दोनदा बोट फिरवलं आणि पडद्यावर तिच्या तोंडात आठ पांढरेशुभ्र दात बसवून दाखवले. खऱ्या तोंडात त्याने डोकावूनही पाहिलं नव्हतं.

"तुम्ही डॉक्टर?" मावशीने विचारलं.

"मी स्माइल कन्सल्टंट."

"म्हणजे नाही. बरं, किती घासणार?"

"अगदी थोडं हो. नखाच्या जाडीइतकं."

"ते परत वाढतं?"

"नाही, पण वर व्हेनियर येतं ना."

"ते जन्मभर टिकतं?"

"दहा-पंधरा वर्षं सहज. मग नवं बसवायचं."

"म्हणजे पोरगी पस्तिशीला आली की पुन्हा तुमच्या दारात, पन्नाशीला पुन्हा! छान सोय केलीत की स्वतःची." मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "ही झोपेत करकरा दात खाते. शेजारच्या खाटेवर माझी झोपमोड होते. विचारलंत तुम्ही?"

"फॉर्ममध्ये तो कॉलम आहे, काकू."

"कॉलम आहे! अहो, साध्या कापडाला कात्री लावायच्या आधी मी गिऱ्हाइकाला दोनदा समोर उभं करते. कापड वाया गेलं तर दुसरं आणता येतं. हिचे दात कुठून आणणार आहात?"

भाची "मावशी, हळू" म्हणत राहिली. बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावू लागली, तेव्हा कुठे आतल्या खोलीतून डॉक्टरीणबाई आल्या. एवढा आरडाओरडा झाल्याशिवाय डॉक्टरचं तोंड दिसू नये, याचाही मावशीला संताप आला.

पण बाई कामाच्या निघाल्या. भाचीला खुर्चीत झोपवून त्यांनी एकेक दात पाहिला, हिरड्या पाहिल्या, एक्स-रे काढला, दात मिटायला लावून वरचे-खालचे कसे टेकतात ते तपासलं. मग हातमोजे काढत त्या सरळ म्हणाल्या, "दात उत्तम आहेत. पण कडा आत्ताच झिजल्यात. इतक्या जोराने दात खाणाऱ्याची व्हेनियर तडकतात, निखळतात. तुमच्यासाठी हा उपाय योग्य नाही, मी करणार नाही. आधी रात्री झोपताना दातांवर घालायची पट्टी घ्या. तो बाजूचा एक दात आखूड आहे, तो खुपत असेल तर त्यावर दाताच्याच रंगाचं भरण चढवू. त्याला दात घासायची गरज जवळजवळ पडत नाही."

मावशीने त्या तरुणाकडे अशी नजर टाकली की तो फोन आल्याचं निमित्त करून बाहेर सटकला.

रस्त्यावर आल्यावरही तिचा पट्टा चालूच होता. "लुटारू मेले! आणि तुझ्या डोक्यात हे भरवलं कुणी? हॉटेलवाल्यांनी? नाव सांग नुसतं. आत्ता जाऊन एकेकाची बोलती बंद करते."

भाची चालता चालता थांबली. "हॉटेलात कुणी काही बोललं नाही."

"मग कोण बोललं?"

"तू."

"मी?"

"शाळेच्या पहिल्या फोटोपासून. 'ओठ मिटून हस, तो दात दिसतो.' वाढदिवसाला तेच, कुणाच्या लग्नात तेच. फोटोवाला तयार झाला की त्याच्यामागून तू मला खूण करायचीस."

"अगं, लोकांनी हसू नये म्हणून..."

"लोक कधी हसलेच नाहीत, मावशी."

मावशीने दिवसभर ज्याला त्याला फैलावर घेतलं होतं. आता फैलावर घ्यायला तिच्यासमोर ती स्वतःच उरली होती. एवढ्याशा पोरीला आपण काय शिकवून बसलो, या विचाराने तिला स्वतःचीच चीड आली, आणि रडूही. भाचीचे समोरचे दात नेमके कसे आहेत, हेसुद्धा तिला धड आठवेना.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "हस बघू एकदा. मोकळं हस. मला बघू दे."

भाची हसली. मनापासून हसली, डोळ्यांतून कळत होतं. पण ओठ काही उघडले नाहीत.