साळ्याच्या मोबाइलवरची तक्रार

माझा साळा प्रभाकर पांढुर्ण्यात शूर म्हणून ओळखला जातो. त्याला शूर मी केलं.

आमच्या घरामागच्या नाल्यात सडक्या संत्र्यांचा ढीग साचला होता. वास असा, की पाहुणे चहा न घेताच उठायचे (हा तेवढा फायदा). संत्री टाकायचे गुलाबराव. त्यांची संत्र्यांच्या पेट्या भरायची जागा नाल्याला लागूनच. आणि गुलाबराव म्हणजे आमचे व्याही, इकडच्या बोलीत इवाई. मुलगी त्यांच्या घरी नांदते. त्यांच्याविरुद्ध तक्रार करणार कोण?

प्रभाकरचा मोबाइल आमच्याकडे चार्जिंगला लावलेला होता. मी त्यावरून सरकारी हेल्पलाइनला फोन केला आणि नाव सांगितलं, प्रभाकर.

आमच्याकडे तक्रारीची एक गंमत आहे. तक्रार करणारा ‘मी संतुष्ट आहे’ असं म्हणत नाही, तोवर ती वरच्या साहेबाकडे चढत जाते. त्यामुळे नाल्यापेक्षा माणसाचीच मनधरणी आधी होते.

प्रभाकरला फोन आला, “दादा, शिकायत बंद करनी है. संतुष्ट बोल दो.”

कशाची शिकायत, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण उभ्या आयुष्यात त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. (घरात भाजीसुद्धा त्याला विचारून होत नसे.) तो म्हणाला, “मी संतुष्ट नाही.”

मग साहेब त्याच्या घरी गेला. प्रभाकर धावत माझ्याकडे आला.

“भाऊजी, साहेब माह्या ओट्यावर बसून हात जोडून राहिला. कायची तक्रार हाय, तुमाले मालूम हाय का?”

“नाल्याची असंल,” मी म्हणालो.

“असं? मंग तं मी संतुष्ट होतच नाई.”

तक्रार चढत चढत जिल्ह्याच्या साहेबापर्यंत पोचली. जेसीबी आला, नाला उपसला आणि गुलाबरावांना नोटीस मिळाली. ते तडक माझ्याकडे आले.

“इवाई, तुमच्या साळ्यानं माही इज्जत काढली.”

“तो तसाच हाय,” मी म्हणालो. वर चहाही पाजला!

पुढे जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात नातवाचं जावळ निघालं. प्रभाकर सोडून सगळ्या गोतावळ्याला गुलाबरावांचं बोलावणं. आमची ही म्हणाली, “माह्या भावाले बोलावणं नाई, तं मीबी येत नाई. पोरीले काय सांगाचं ते तुमीच सांगा.” पोरासाठी आणलेली टोपी प्रभाकरनं माझ्या हातात दिली, बस.

ती टोपी खिशात घेऊन मी एकटाच गेलो. पंगत बसली तेव्हा मी उभा राहिलो. “नाल्याची तक्रार मी केली होती. प्रभाकरच्या फोनवरून.”

गुलाबराव असे हसले, की त्यांच्या हातातलं वरणाचं भांडं हिंदकळलं.

“राहू द्या, इवाई. साळ्यासाठी खोटं बोलून राहिले. तक्रार कराची हिंमत, अन् तुमच्यात?”

सगळी पंगत हसली. माझी मुलगी सगळ्यांत जास्त.

“पन मन मोठं हाय तुमचं,” गुलाबराव म्हणाले. “बोलवा त्याले.”

प्रभाकर बहिणीला मोटरसायकलवर बसवून हजर झाला. टोपी पोराच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं घातली, जेवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊजी, तक्रार तुमी केली म्हून आता कोनाले सांगू नका. माही इज्जत जाईन.”

म्हणून शेवटी हे सगळं लिहून काढलं आणि आधी हिला वाचून दाखवलं.

“चांगलं लिवलं,” ही म्हणाली. “फक्त तक्रार तुमी केली, तेवढं खरं वाटत नाई.”